बुधवारचं काय?

पहाटे पाच

मंगळवार, २८ जुलै २०२०. पहिला फोन अंथरुणात असतानाच. आमतल्याच्या एका पेशंटचा मुलगा. "दीदी, बुधवारचं काय?"

बुधवार म्हणजे उद्या, आणि उद्या पश्चिम बंगालभर संपूर्ण लॉकडाउन. मी सांगितलं, सेंटर चालू आहे, डायलिसिसला बंदी नाही, वडिलांना घेऊन या. तो म्हणाला, "आणायला सूट आहे हे टीव्हीवर सांगितलं. कशातून आणू ते तुम्ही सांगा."

कोलकात्याच्या बेहाला भागातल्या एका लहानशा खासगी डायलिसिस सेंटरमध्ये मी पेशंटच्या वेळा लावते. हुद्दा कोऑर्डिनेटरचा, काम फोनचं. मशीनचं सगळं टेक्निशियन बघतात. पेशंट मशीनपर्यंत कसा पोचायचा हे मला ठाऊक असावं अशी सगळ्यांची समजूत. आमतला इथून दक्षिणेला, डायमंड हार्बर रोडवर. एरवी बस असते. उद्या बस नाही, ऑटो नाही, टॅक्सी नाही. लोकल तर मार्चपासूनच बंद.

साडेसहा

पहिली शिफ्ट. दारात ताप बघायचा, हात धुवायला लावायचे, मग वजनकाट्यावर. डायलिसिसच्या पेशंटचं वजन म्हणजे दोन खेपांच्या मध्ये अंगात साठलेलं पाणी. आज एक माशिमा, म्हणजे मावशी, तीन किलो वाढवून आल्या. "पावसाची हवा आहे, चहा जास्त झाला," म्हणाल्या. त्या पर्णश्रीच्या. मी मूळची नागपूरची म्हणून मला लाडानं 'बर्गी' म्हणतात. अठराव्या शतकात भोसल्यांच्या फौजा इथे येऊन जे करून गेल्या, त्याचा हिशेब बंगालात अजून माझ्यासारखीकडे मागितला जातो, बहुतेक वेळा हसत हसत. सासरे दक्षिण-पूर्व रेल्वेत होते, नागपूरहून गार्डन रीचच्या मुख्य कार्यालयात बदलून आले, आणि घर बेहालात झालं.

आमच्याकडचे बहुतेक पेशंट आठवड्यातून दोनदा येतात. तिसरी खेप परवडत नाही. त्यांचे तीन गट आहेत: सोम-गुरू, मंगळ-शुक्र, बुध-शनि. रविवारी सेंटर बंद. एका खेपेला चार तास. खेप चुकली की पाणी आणि पोटॅशियम साठत जातं. एक चुकली तर दम लागतो, दोन चुकल्या तर माणूस इमर्जन्सीत जातो.

आता सरकारचं वेळापत्रक त्याच्याशेजारी ठेवून बघा. २० जुलैला गृहसचिव आलापन बंद्योपाध्याय यांनी जाहीर केलं, की काही भागांत समूह संसर्ग दिसतोय, साखळी तोडण्यासाठी आठवड्यातून दोन दिवस राज्य पूर्ण बंद राहील. या आठवड्यात गुरुवार आणि शनिवार, म्हणजे २३ आणि २५. पुढच्या आठवड्यात बुधवार, २९. दुसरा दिवस मागाहून कळवू. मूळ कल्पनेबद्दल माझी तक्रार नाही, ती साथरोगाच्या जाणकारांनी तपासावी. पण बुध-शनि गटाकडे बघा. शनिवारी लॉकडाउन, लगेच पुढच्या बुधवारी लॉकडाउन. लागोपाठ दोन्ही खेपा. कुणी मुद्दाम केलं असतं तर इतकं नेमकं जमलं नसतं.

सकाळी फोन करणाऱ्या मुलाचे वडील, आमतल्याचे मेशोमशाय (काका), बुध-शनिवाले. गेल्या शनिवारी एका शेजाऱ्याच्या भाजीच्या टेम्पोतून आले, मागे पोत्यावर बसून. मालवाहतुकीला सूट होती ना.

साडेआठ

पत्रं लिहायला बसले. उद्याच्या प्रत्येक पेशंटला सेंटरच्या लेटरहेडवर एक पत्र द्यायचं: नाव, वय, कुठून कुठे, किती वाजता येणार, किती वाजता परतणार, सोबत कोण, आणि माझा मोबाइल नंबर. वर डॉक्टरांची सही, खाली शिक्का. पहिल्या लॉकडाउनला मी ती इंग्रजीत काढली होती, सरकारी आदेश इंग्रजीत असतात म्हणून. दुसऱ्या खेपेपासून बंगालीत काढते. चौकात पहाटे भिजत उभा असतो तो सिव्हिक व्हॉलंटियर, विशीतला पोरगा. त्याला गृहखात्याचं कलम दाखवून उपयोग नसतो. "किडनीचा पेशंट, साडेसहाला मशीन" एवढं त्याला एका नजरेत दिसलं की तो दोरी वर करतो.

परतीची वेळ लिहायला विसरायचं नाही. जाताना सगळे सोडतात; येताना अडवतात, कारण येताना माणूस आजारी दिसत नाही. हे कुठल्याही नियमावलीत सापडायचं नाही.

साडेनऊ

पोलीस ठाण्यात फोन. ड्यूटी ऑफिसर सभ्य बोलले. "कागद असू द्या, कुणी त्रास देणार नाही." मी विचारलं, ऑटो पेशंटला घेऊन येऊ शकतो का? "पेशंट असेल तर येऊ शकतो." आणि रिकामा परत जाऊ शकतो का? थोडं थांबून ते म्हणाले, "ते ऑटोवाल्यावर आहे." म्हणजे ऑटोवाला येणार नाही. जाताना दंड बसण्याची शक्यता असेल तर कुठला ऑटोवाला सखेरबाजारातून निघेल?

सगळ्या आदेशांत हीच गोम आहे. ज्याला जायचंय त्याला परवानगी. जो त्याला नेणार त्याचं काय, हे कुणी म्हणत नाही. आदेश लिहिणाऱ्याच्या दारात गाडी आणि ड्रायव्हर असतो. 'पेशंटच्या प्रवासाला मुभा' हे शब्द लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर स्वतःची गाडी येत असणार.

बेहालाला गाडी नसलेल्यांसाठी रस्ता असा आहेच कुठे? ट्राम होती जोक्यापर्यंत, ती मेट्रोच्या कामासाठी २०११ साली काढली. मेट्रोचे खांब उभे राहिले, त्यावरून अजून काही धावत नाही. माझेरहाटचा पूल ४ सप्टेंबर २०१८ ला कोसळला, नवा व्हायचाय. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलांकडे जायचं तर वळसा. (तो पूल त्याच वर्षीच्या डिसेंबरात सुरू झाला आणि मेट्रो तारातल्यापर्यंत धावायला २०२२ संपत आलं. त्या मंगळवारी हे सगळं नकाशावरच होतं.) लॉकडाउन सगळ्या शहराला सारखाच लागू होतो असं म्हणतात. श्रीमंत अलीपूरच्या माणसाला आणि इथल्या ठाकुरपुकुरच्या माणसाला तो सारखा कसा लागेल?

शेवटी सेंटरची एक गाडी, डॉक्टरांची स्वतःची एक, आणि मेटियाब्रुजचा एक ओळखीचा ड्रायव्हर, त्याची जुनी ओम्नी, एवढ्यावर उद्याची मांडणी केली. ड्रायव्हरला आधी समजावलं, की पत्र त्याच्याही नावाचं काढलंय, रिकाम्या फेरीसकट.

अकरा

दुसरी शिफ्ट आत, पहिली बाहेर. या वेळेला काही सुचत नाही. एकाची सुई लागत नव्हती, एकाचा रक्तदाब पडला, आरओ प्लांटचा अलार्म वाजला आणि थांबला. फोन कुणीतरी दुसऱ्यानं उचलले.

दीड

डबा. सासूबाईंनी पोहे दिले होते, सकाळचे. जेवताना डॉक्टरांशी नेहमीचा वाद. त्यांचं म्हणणं, लोक ऐकत नाहीत म्हणून लॉकडाउन लागतो. माझं म्हणणं, लोक खूप ऐकतात, सगळ्यांचं ऐकतात, म्हणून घोटाळा होतो.

मराठी माणसाला हे सांगायला पुणं आठवावं लागतं. १८९७ साली रँडच्या प्लेग कमिटीनं गोऱ्या सोजिरांकरवी घरं तपासली आणि २२ जूनच्या रात्री चापेकरांनी त्याच्यावर गोळी झाडली, एवढं शाळेत सगळे शिकतो. पुढचं मला कलकत्त्यात येऊन कळलं. १८९८ च्या एप्रिलअखेरीस इथे प्लेग जाहीर झाला तेव्हा बंगाल सरकारला पुण्याची धास्ती होती. नायब गव्हर्नर वुडबर्न यांनी सक्ती मवाळ ठेवायचं ठरवलं होतं. धोरण चांगलं होतं, पण ते गल्लीत पोचलं नाही. गल्लीत पोचली ती अफवा, की धरून टोचणार. हजारो लोक शहर सोडून निघाले, मे महिन्यात दंगे झाले. मग रामकृष्ण मिशननं विवेकानंदांचं पत्रक लोकांच्या भाषेत छापून वाटलं: घाबरू नका, कुणालाही जबरदस्तीनं टोचणार नाहीत. म्हणजे सरकार सक्ती करणार नाही याची खात्री सरकारऐवजी संन्याशांना द्यावी लागली.

डॉक्टर म्हणाले, "आणि २०२० मध्ये तू देतेस." मी म्हटलं, मला पगार मिळतो. २०२० चे आदेशही त्याच १८९७ च्या साथरोग कायद्यावर उभे होते, त्याच्या जोडीला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा.

सरकारला बोलता येतच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. मार्चअखेरीस मुख्यमंत्री ममता बॅनर्जी बाजारात गेल्या आणि विटेच्या तुकड्यानं रस्त्यावर गोल आखून दाखवले, इथे उभं राहा, इथून एवढं लांब. ते चित्र सगळ्या राज्यानं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी बेहाला बाजारातल्या मासेवालीनं खडूनं तसेच गोल काढले. एप्रिलमध्ये कोलकाता पोलीस इमारतींखाली उभे राहून गाणी म्हणत होते. माझ्या सासूबाई गॅलरीतून टाळ्या वाजवत होत्या आणि मग आठवडाभर खरंच खाली उतरल्या नाहीत. कुठे उभं राहायचं, घरात का थांबायचं, हे सांगायला जमलं. बाहेर पडावंच लागतं त्यानं कसं पडायचं, हे सांगायला जमलं नाही.

साडेचार

तिसरी शिफ्ट मशीनवर लावून होतेय तोवर वेटिंगमधल्या टीव्हीचा आवाज कुणीतरी वाढवला. नबान्नमधून, म्हणजे राज्य सचिवालयातून, मुख्यमंत्री बोलत होत्या. ऑगस्टअखेरपर्यंत हेच चालणार, आणि या वेळी तारखा आधीच दिल्या: २, ५, ८, ९, १६, १७, २३, २४, ३१.

आधी बरं वाटलं. पूर्ण महिन्याच्या तारखा एकदम! मी कॅलेंडर काढलं आणि लाल पेननं गोल करायला लागले. ५ ऑगस्ट, बुधवार. ८ ऑगस्ट, शनिवार. पुन्हा बुध-शनि. १७, २४ आणि ३१, तिन्ही सोमवार. सोम-गुरू गटाचे तीन सोमवार गेले. २३ तारखेला पेन थांबलं. २२ ला गणेश चतुर्थी, शनिवार. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती, २३ ला विसर्जन. सासूबाईंना हे आत्ता सांगायचं नाही असं ठरवलं.

मला एक कळत नाही. तारखाच का? माणूस वारावर जगतो. बाजाराचा वार, उपासाचा वार, दुकानाच्या सुट्टीचा वार, आमचा डायलिसिसचा वार. 'दर गुरुवारी बंद' म्हटलं असतं तर आम्ही एका गटाला कायमचं सरकवलं असतं, आणि आमतल्याच्या म्हाताऱ्याला एकदाच सांगून भागलं असतं. तारखांची यादी पाठ होत नाही; ती जवळ बाळगावी लागते. आणि बाळगलेल्या यादीचं काय होतं ते त्याच रात्री दिसलं.

सहा

यादी व्हॉट्सॅपवर फिरायला लागली. कुणीतरी पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरांत नऊ तारखा छापल्या होत्या, खाली गुलाबाचं फूल. कुणी काढली, किती वाजता काढली, काही नाही. मला ती सात वेगवेगळ्या माणसांकडून आली. मी एकेका पेशंटला फोन लावत होते. नुसती तारीख मी सांगत नाही. "तुमची खेप ५ ला आहे. ती ५ लाच होईल. गाडी मी पाठवीन." असं तीन वाक्यांत, त्याच क्रमानं. तारीख आधी सांगितली की पुढचं कुणी ऐकत नाही.

मध्येच नागपूरहून नणंदेचा फोन. तिच्याकडे शनिवार-रविवार जनता कर्फ्यू होऊन गेला होता. "वहिनी, ते सांगणं होतं की हुकूम होता, शेवटपर्यंत कळलं नाही," म्हणाली. "दुकानं तर उघडायची भीतीच वाटली सगळ्यांना." मुंबईतही महिन्यापूर्वी पोलिसांनी घरापासून दोन किलोमीटरच्या बाहेर जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. दोन किलोमीटर कुठे संपतात हे नाक्यावरच कळायचं, गाडी जप्त झाली की.

मोजता येईल असा आणि डोळ्यांना दिसेल असा नियम मी त्या वर्षात एकच पाहिला, तोही ऑक्टोबरात आणि सरकारचा नव्हे. कलकत्ता उच्च न्यायालयानं दुर्गापूजेच्या मंडपांत प्रेक्षकांना बंदी केली: मोठ्या मंडपापासून दहा मीटरवर अडथळा, लहानापासून पाच. त्यावरून आरडाओरडा खूप झाला, पण कळला सगळ्यांना. आमच्या बेहालातल्या बरिशा क्लबनं त्या वर्षी देवीला स्थलांतरित मजुराच्या रूपात घडवलं होतं, कडेवर पोर घेऊन चाललेली बाई. पायी घरी गेलेल्या मजुरांचं ते रूप, आणि बघणारे बांबूच्या पलीकडे.

साडेआठ

तिसरी शिफ्ट सुटली. मी शेवटच्या दोन पेशंटना सांगत असताना टेक्निशियन मुलगी म्हणाली, "दीदी, यादी बदलली."

सणांचे दिवस आणि समाजाचे कार्यक्रम मध्ये येतात अशा विनंत्या आल्या, म्हणून २ आणि ९ ऑगस्ट वगळले, असं गृहखात्यानं कळवलं होतं. आता सातच तारखा. यात वाईट काही नाही. लोकांचं ऐकून सरकारनं दुरुस्ती केली, काही तासांत केली. ऐकतच नाही असं सरकार चालेल का? शिवाय दोन्ही दिवस रविवार, आमचं सेंटर बंदच. माझ्या कॅलेंडरवर त्यानं काडीचा फरक पडला नाही.

फरक पडला तो फोनवर. गुलाबाच्या फुलाची नऊ तारखांची यादी काही परत गेली नाही. आता त्याच पिवळ्या पट्टीवर सात तारखांची यादी तिच्यामागून निघाली, आणि दोन्हींवर वेळ नाही, त्यामुळे कुठली आधीची हे कुणाला ठरवता येईना. रात्री नऊला लोक मला विचारत होते, की २ आणि ९ गेले तसे ५ आणि ८ पण जातील का. एकजण म्हणाले, "थांबू या, अजून एक यादी येईल." मला राग आला, पण त्यांचंच खरं ठरलं. ३ ऑगस्टला यादी पुन्हा बदलली: ५ आणि ८ राहिले, पुढे २०, २१, २७, २८, ३१. १२ ऑगस्टला त्यातून २८ गळला. दीड दिवसाचा गणपती सुटला म्हणून सासूबाई खूश झाल्या. मग २७ ला गौरीविसर्जन आहे हे त्यांच्या लक्षात आलं. सप्टेंबरात ७, ११ आणि १२ तारखा दिल्या, आणि १३ ला वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा आहे म्हणून १२ चा लॉकडाउन ऐन वेळी मागे घेतला.

दर बदलाला कारण होतं, आणि बहुतेक कारणं पटण्यासारखी होती. तरी ऑगस्टच्या मध्यापर्यंत माझ्या पेशंटनी तारखा टिपून घेणंच सोडलं. आदल्या रात्री दीदीला विचारू, एवढंच त्यांनी धरून ठेवलं. ऐंशी-नव्वद माणसांचा एक तालुका असावा आणि त्याचा कलेक्टर मी, असं झालं होतं.

त्या रात्री मी एक केलं. सेंटरच्या ग्रुपवर यादी टाकताना सगळ्यांत वर लिहिलं: मंगळवार, २८ जुलै, रात्री ९ वाजता खात्री केली. खाली फक्त आमच्या कामाचे दिवस, वारासकट. रविवार लिहिलेच नाहीत. आणि शेवटी, यानंतर बदल झाला तर याच ठिकाणी नवी वेळ घालून कळवीन, दुसरीकडून आलेलं धरू नका. नबान्नला यापेक्षा अवघड काय होतं, मला खरंच कळत नाही. नुसती वर वेळ आणि आधीच्या यादीवर आडवी रेघ.

साडेदहा

घरी. पाऊस पुन्हा. ओम्नीवाल्यानं टाकी भरून घेतल्याचं कळवलं. मी आमतल्याला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"पावणेपाचला गाडी दारात येईल," मी सांगितलं. "पत्र ड्रायव्हरकडे आहे, दोन प्रती. एक तुमच्याजवळ ठेवा, परत येताना लागेल. वडिलांना रात्री पाणी बेतानं द्या."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी १ तारीख. लॉकडाउन नाही."

"ते ठाऊक आहे. पण ईद आहे ना? बस कितीशा असतील? आणि तुमचा ड्रायव्हर?"

बकरी ईद माझ्या लक्षातच आली नव्हती. मी ओम्नीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, नमाज आणि कुर्बानी आटोपून दहापर्यंत निघेन, त्याच्या आधी नाही जमणार. मी मेशोमशायांना शनिवारी पहिल्या शिफ्टमधून काढून दुसरीत टाकलं, दुसरीतल्या पर्णश्रीच्या एका काकांना पहिलीत आणलं, आणि त्यांनाही उठवून सांगितलं.